कोलशेतच्या पाळण्याचा दोर

निवृत्तीनंतर काय करता, असं कोणी विचारलं की मी "दोर वळतो" असं सांगतो. विचारणारा जरा थांबतो आणि पुन्हा विचारतो, "नाही, म्हणजे वेळ कसा जातो?"

वेळ असा जातो. टिटवाळ्याच्या पुढच्या रानातून केवणीच्या काठ्या आणायच्या, त्यांची साल सोलायची, ती पाण्यात कुजवायची, धुवायची, वाळवायची, तिचे धागे मोकळे करायचे आणि मांडीवर घासून त्यांचा दोर करायचा. एक हात लांबीचा जाड दोर व्हायला मला अख्खी सकाळ लागते. दुकानात नायलॉनची तेवढी दोरी मागितली तर दुकानदार ती कापूनही देणार नाही.

केवण म्हणजे मुरुडशेंगेचं झुडूप. बाळगुटीत उगाळतात ती पिळदार शेंग याचीच. शेंग बहुतेकांना माहीत असते, साल कोणाला माहीत नसते. मलाही नव्हती. मी आयुष्यभर एका वृत्तपत्राच्या डेस्कवर बसून बातम्या तपासल्या. त्या कामात माणसाला सवय लागते की चुका नेहमी दुसऱ्याच्या असतात. पुढचं वाचताना ही सवय ध्यानात ठेवलेली बरी.

यमुनाबाईंची गाठ निवृत्तीच्या आदल्या वर्षी पडली. पुरवणीला रानभाज्यांवर मजकूर हवा होता, वार्ताहर रजेवर होता, म्हणून मी गेलो. टिटवाळा स्टेशनच्या बाहेर त्या शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन बसत. पाड्यावरून चालत येत. भाज्यांची नावं लिहून झाल्यावर मला त्यांच्या भाऱ्याला बांधलेला दोर दिसला. पिवळट तपकिरी, गोल, एकसारखा.

"हा कुठून घेतला?" मी विचारलं.

"घेतला?" त्या शेजारी बसलेल्या बाईकडे वळल्या. "ऐकलंस गं? पेपरवाला विचारतो, दोर कुठून घेतला."

दोघी बराच वेळ हसल्या. मजकुरात मी हा भाग घेतला नाही. नाव मात्र चिकटलं. आजही त्या मला पेपरवालाच म्हणतात.

दोर वळायला शिकवा, असं मी दोन महिन्यांनी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी मला घरी जायला सांगितलं. मी घरी आलो आणि स्वतःच सुरुवात केली. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला, कारखान्यांच्या कुंपणाकडेला घायपात उगवतं. त्याच्या पात्यातून वाख निघतो एवढं वाचलेलं होतं. मी सहा पाती कापून आणली आणि गॅलरीत लाकडी धोपटण्याने ठेचली. पात्याचा रस अंगाला लागला की आग होते, हे त्याच लेखात पुढच्या परिच्छेदात होतं. तो मी वाचला नव्हता. कोपरापर्यंत दोन्ही हात सुजले. यमुनाबाईंना ते हात दाखवले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"ठेचलंस?"

"हो."

"उघड्या हातानं?"

"हो."

"बस," त्या म्हणाल्या. एवढा मूर्ख माणूस एकटा सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं असावं.

साल कुजवायला मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक निळा ड्रम ठेवला. साल पाण्यात दोनेक आठवडे ठेवली की तिच्यातला चिकट भाग सडतो आणि धागे सुटे होतात. वास येतो. मला त्याची हळूहळू सवय झाली, हीच अडचण झाली. एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी दारात आले. "साहेब, पाण्याच्या टाकीत काहीतरी मेलंय." आम्ही पाच जण बॅटरी घेऊन वर गेलो. टाकीत काही दिसलं नाही. कबुतर पाइपात अडकलं असणार, असं मी ठामपणे सांगितलं. माझा शब्द मानून टाकी रिकामी केली गेली. दोन विंगांना दिवसभर पाणी नव्हतं. संध्याकाळी बायको गच्चीवर कपडे काढायला गेली आणि खाली येऊन म्हणाली, "अहो, ते कबुतर तुमच्या ड्रममध्ये आहे." त्यानंतर ड्रम टिटवाळ्याला, यमुनाबाईंच्या अंगणात गेला.

आता दोर कसा वळतात ते सांगतो, कारण पुढचा घोटाळा त्यावर उभा आहे. धाग्यांच्या दोन बटा मांडीवर शेजारी शेजारी ठेवायच्या. एका हाताने त्यांची टोकं धरायची. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्यावरून पुढे ढकलायचा, म्हणजे प्रत्येक बटेला स्वतंत्र पीळ बसतो. मग तळवा मागे ओढायचा, म्हणजे दोन्ही बटा एकमेकींभोवती गुंडाळल्या जातात. आतला पीळ एकीकडे, बाहेरचा दुसरीकडे. दोघे एकमेकांना सुटू देत नाहीत. अशा बारीक दोऱ्या एकत्र वळून जाड दोर होतो. एवढंच. मांडीवरचे केस जातात. अंगावरच्या पुरळासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो होतो तेव्हा त्यांनी पुरळ सोडून माझ्या एकाच गुळगुळीत मांडीबद्दल बरेच प्रश्न विचारले.

ती मांडी डावी. मी डावखुरा आहे. यमुनाबाई उजव्या मांडीवर उजव्या हाताने वळतात, मी डाव्या मांडीवर डाव्या हाताने. त्यामुळे माझा दोर त्यांच्या दोराचं आरशातलं रूप होतो. दिसायला फरक कळत नाही. पीळ उलटा असतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा दोर बोटांत फिरवून पाहिला होता.

"तुझा हात उलटा हाय. बिघडत नाय. पण माझ्या दोराला तुझा दोर सांधू नको कधी."

"का?"

"सांधून बघ."

मी सांधून पाहिला. खाली दगड टांगला. एकाच पिळाचे दोन दोर सांधले तर ताण आल्यावर एक सांध्याला डावीकडे फिरवू पाहतो, दुसरा उजवीकडे, आणि सांधा जागच्या जागी राहतो. पीळ उलटसुलट असतील तर दोघेही त्याला एकाच बाजूला फिरवतात. सांधा गरगरतो आणि दोन्ही दोरांचे पेड उघडत जातात. हे मी वहीत आकृतीसह लिहून ठेवलं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची आली. घोडबंदर रोडवरच्या एका कॅफेच्या मालकाला छताला सोडायला दोर हवे होते. चाळीस हात वळून नेले. त्याने हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, एकदम प्लास्टिकसारखा स्मूद झालाय. थोडा रफ नाही का करता येणार? गावठी दिसायला पाहिजे ना." तो स्मूद व्हायला मला सहा वर्षं लागली होती. घरी येऊन मी दोर खरवडला.

कोलशेतचं काम मात्र माझं नव्हतं. ते यमुनाबाईंचं होतं, आणि त्यांच्याआधी त्यांच्या आईचं आणि आजीचं. आजी खाडीच्या मिठागरावर कामाला जायची, तेव्हापासून तिथल्या एका आगरी घरातल्या प्रत्येक पाळण्याचा दोर यांच्या हातचा. मिठागर गेलं, जमिनीवर टॉवर आले, घरापुढे मोठी गाडी आली, पण पाळण्याला साखळी आली नाही. त्या घरच्या हिराआजी ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या नातवाला लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगा झाला. नातसून श्वेता हिने त्या अकरा वर्षांत किती डॉक्टर आणि किती नवस केले हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. हिराआजींनी टिटवाळ्याला निरोप धाडला.

यमुनाबाईंच्या बोटांचे सांधे तोवर सुजायला लागले होते. "हा शेवटला," त्या मला म्हणाल्या. "हा नीट झाला का माझं काम झालं. त्या घरात आजीचं नाव हाय."

जुन्या घराला सहा हात दोर पुरायचा. नव्या बंगल्यात हॉल दोन मजले उंच, आणि पाळण्याची कडी थेट वरच्या स्लॅबला. तिथे बारा हात हवा होता. यमुनाबाईंनी सहा हात वळला आणि त्यांची बोटं मिटेनाशी झाली. बारशाला पाच दिवस होते. त्यांनी तो दोर आणि उरलेला वाख माझ्यापुढे ठेवला.

"बाकीचा तू वळ. उजव्या हातानं. सावकाश वळ, पण उजव्यानं. कळलं?"

"कळलं."

"आणि सांधाही तूच मार. माझ्यानं पेड उघडत नाय."

डोंबिवलीला येऊन मी उजव्या हाताने वळायला बसलो. पहिल्या दिवशी वीतभर झाला आणि तो दोरापेक्षा शेवयांसारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी तो उलगडून पुन्हा वळला. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, त्यांना फोन करून सांगा ना, जमत नाही म्हणून." यमुनाबाईंकडे फोन नाही, शेजारी आहे. मी केला नाही. आयुष्यभर छपाईला पान वेळेत सोडलेल्या माणसाने वेळ मागायची, हे मला पटलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दोर डाव्या मांडीवर घेतला. दीड दिवस बसून आणि दोन रात्री जागून सहा हात झाला. सुरेख झाला. सांधा मारला, त्यावर बारीक दोरी गुंडाळली, आणि मनाशी म्हटलं, मूल ते केवढं, वजन ते किती.

बारशाच्या आदल्या दिवशी दोर कोलशेतला पोचवला. नातवाने शिडी लावून तो टांगला, त्यावर झेंडूच्या माळा गुंडाळल्या. यमुनाबाई दुसऱ्या दिवशी परस्पर आल्या. त्यांनी वर पाहिलं, पण एवढ्या उंचावरचं त्यांना आता नीट दिसत नाही. मला विचारलं, "झाला?"

"झाला."

"उजव्यानं?"

मी "हो" म्हणालो. हे एकाक्षरी उत्तर मी आजवर केलेलं सर्वांत चुकीचं विधान आहे.

पाळण्यात मुलाच्या आधी वरवंटा घालतात हे वाचकांना सांगायला नको. त्याला टोपडं घातलं होतं, काजळ लावलं होतं. आमच्याकडचा वरवंटा वीतभर असतो. हिराआजींचा मिठागराच्या काळातला, आडवा घेतला तर मांडी भरेल असा. दोन बायकांनी तो पाळण्यात ठेवला, चौघींनी कडा धरल्या, गाणं सुरू झालं.

झेंडूच्या माळा हलल्या. वारा नव्हता. मी वर पाहिलं. सांधा फिरत होता, अगदी सावकाश, एखाद्या माणसाने मान वळवून बघावं तसा. मग माळ ढिली होऊन खाली आली आणि वरचा दोर दिसला. त्याचे पेड एकमेकांपासून सुटत होते. त्यांच्यामधून पलीकडची भिंत दिसायला लागली.

"अगो, फिरतंय काय त्यो?" श्वेताची आत्येसासू म्हणाली. गाणं थांबलं.

श्वेता खुर्चीवर बसली होती. तिने मांडीवरचं मूल दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं.  

"यमुना, तुज्या हातचा दोर ना त्यो?" आत्याबाईंनी विचारलं. "आपशकून झाला गं, बारशाला."

यमुनाबाई सांध्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होत्या.

"कोणच्या हातानं वळलास?"

अशा वेळी काय म्हणायचं याचे दहा तरी प्रकार मला पाठ आहेत. तांत्रिक कारणामुळे. समन्वयाच्या अभावी. सूत्रांनी सांगितल्यानुसार. मंत्र्यांपासून नगरसेवकांपर्यंत सगळ्यांची अशी वाक्यं मी काटछाट करून छापली आहेत.

"डाव्या," मी म्हणालो. "यमुनाबाईंनी उजव्या हाताने वळायला सांगितलं होतं. सुटलाय तो मी जोडल्यामुळे. मघाशी त्यांना खोटं सांगितलं."

"डावा?" आत्याबाई किंचाळल्या. "पोराच्या पालन्याला डावा पील? तिरडीला बांधाचा काय?"

"उतरवा तो," यमुनाबाई म्हणाल्या. नातू पुन्हा शिडीवर चढला. दोर खाली आल्यावर त्या फरशीवर बसल्या आणि एका टोकापासून तो बोटांतून सोडू लागल्या. सुजलेली बोटं, पण सांध्यापाशी बरोबर थांबली. त्यांनी विळी मागितली. सांधा कापला. माझा अर्धा भाग त्यांनी फेकला नाही. गुंडाळून शेजारी ठेवला.

"डावा वाईट नाय, ताई," त्या आत्याबाईंना म्हणाल्या. "पुरा डावा असता तरी झुलला असता. दोन तऱ्हेचं एकात बांधलं म्हणून उघडलं." मग आपला अर्धा भाग वर धरला. "हा माझा. ह्याच्यात खोट नाय. बघायचं तर बघा."

हिराआजी खुर्चीतून वाकल्या. दोर हातात घेतला, दोन्ही हातांनी ओढला, नाकाशी नेला.

"यमुनेचाच हाय," त्या म्हणाल्या. "तिच्या आयेचा असाच वास यायचा."

"पण आजी, पुरणार कसा?" नातवाने वर स्लॅबकडे बोट केलं. "अर्धाच आहे. पाळणा राहील वर तिथे."

"तुला कोनी सांगितला व्हता मंदिरायेवडा घर बांध?" हिराआजी म्हणाल्या. "शेडमदी पाइप हाय ना? गारी काड भायेर."

"आजी, गाडीच्या शेडमध्ये बारसं?"

"काड म्हंजे काड."

गाडी बाहेर निघाली. फुगे, पडदे आणि भाड्याचं सिंहासन हॉलमध्ये राहिलं. शेडची फरशी दोन बायकांनी पाण्याने धुतली तरी तिथे ऑइलचा एक डाग उरला. त्यावर कोणीतरी पाट ठेवला. यमुनाबाईंनी सहा हात दोर दुहेरी करून पाइपावरून स्वतः टाकला. गाठ मात्र त्यांना आवळता येईना. त्या मला म्हणाल्या, "ये. मी धरते, तू ओढ." मी कोणत्या हाताने ओढली ते आत्याबाईंनी नीट पाहून घेतलं.

वरवंटा पुन्हा ठेवला. या वेळी गाणं कोणी म्हटलं नाही. साठेक माणसं एका दोराकडे बघत उभी होती. हिराआजींनी पाळण्याला स्वतः एक झोका दिला, मग दुसरा, मग तिसरा जोरात. दोर ताणला, पाइप कुरकुरला. पेड मिटलेले राहिले.

तरी श्वेता शेडमध्ये आणलेल्या खुर्चीवरून उठली नाही. ती यमुनाबाईंना म्हणाली, "तुम्ही ठेवा त्याला."

"मी?" यमुनाबाईंनी आपली बोटं पाहिली. "माझ्या हातात जोर नाय, बाई."

"मी खालून धरते. तुम्ही ठेवा."

दोघींनी मिळून मूल पाळण्यात ठेवलं. तेव्हा कुठे गाणं सुरू झालं. नाव ठेवलं. बाहेर मधोमध उभ्या केलेल्या गाडीने गल्ली अडली होती, मागे दोन टेम्पो आणि एक टँकर हॉर्न वाजवत होते. नातू किल्ली शोधत होता. किल्ली हिराआजींच्या कमरेला होती.

यमुनाबाई शेडच्या पायरीवर घुगऱ्या खात बसल्या. मी शेजारी बसलो. माफी मागायची होती. वाक्य तयार केलं होतं, छोटं आणि स्पष्ट. तेवढ्यात हिराआजींनी आतून हाक मारली, "यमुने, पुडचा पोर होल तवा बारा हात लागंल हां! नातवाला पोर हॉलमदीच निजवाचा हाय."

"माझा हात संपला, आजी," यमुनाबाईंनी तिथूनच उत्तर दिलं. "पुढला हा वळंल."

"ह्यो? डावरा?"

"पुरा वळंल. बाराचे बारा हात. एकटा."

"अहो आजी," श्वेता पाळण्यापाशी बसूनच म्हणाली, "याला आज बारा दिवस झालेत!"

बायका हसल्या. यमुनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी कापलेला माझा दोर पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या टोकाचे सुटलेले पेड बोटाने दाखवले.

"इथून परत धर," त्या म्हणाल्या. "सहा झालेत. सहा राहिलेत."